सरोजाबाईंचा गंधार

प्रिय ईश्वर,

'श्री. ईश्वर' लिहिलं असतं तर पत्र सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आल्यासारखं वाटलं असतं, म्हणून 'प्रिय'. त्यापलीकडे त्या शब्दात काही शोधू नकोस. तुझा मेसेज मिळाला. रविवारी आईंचं वर्षश्राद्ध, संध्याकाळी मीरा रोडच्या हॉलमध्ये तुझा कार्यक्रम, आणि त्यात मी त्यांचं हळदीचं गाणं तुझ्या नव्या गिटारवर गावं, असं म्हणतोस. शेवटी हात जोडल्याची दोन चित्रंही टाकलीस. सात वर्षांच्या संसारात तू माझ्यापुढे हात जोडल्याचं मला आठवत नाही, तेव्हा उत्तर जरा सविस्तर द्यावं म्हटलं.

तुझा व्हिडिओ मी पाहिला, एकदा नाही, पाच-सहा वेळा. उत्तनच्या, गिटारी बनवणाऱ्या दुमिंग अंकलकडून तू गिटारच्या दांड्यावर नेहमीच्या फ्रेटच्या, म्हणजे त्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधेमधे बारीक बारीक फ्रेट बसवून घेतलेस, ते छान दाखवलंयस. मायक्रोटोनल गिटार. दोन सुरांच्या फटीत राहणारे सूर त्यावर वाजतात, हे तू इतक्या प्रेमाने समजावतोस की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात कुणाला बेसूर म्हणाला नसेल. आईंचा गंधार कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता, म्हणून त्यावरचा कॉर्ड धड मेजर नाही, धड मायनर नाही, आणि त्याला तू नाव दिलंस 'सरोजा'. कुठली कुठली पोरं आता 'सरोजा' वाजवून तुला पाठवतात. दुमिंग अंकल करवत चालवताना तू म्हणतोस, "एकदा खाच पडली की पडली. आता माझ्या आईचा सूर कायमचा कोरला गेला." तिथे तुझा आवाज भरून येतो. मला तिथे हसू आलं, खोटं कशाला सांगू?

तुला आपली नवघर रोडची खोली आठवते का? बाहेरच्या खोलीत तुझा क्लास, आत आई भाकऱ्या करता करता गाणं म्हणत. आख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाची हळद असली, मग तो गुजराती असो की भय्या, "सरोजा काकी को बुलाओ" म्हणून पोरं धावत यायची. एकदा तू क्लासमधल्या पोरांना घेऊन आत आलास, गिटारवर सा दिलास आणि तो तुझा छोटा ट्यूनर पोळपाटावर ठेवलास. सूर बरोबर लागला तर हिरवा दिवा, चुकला तर लाल. त्या बिचाऱ्या कौतुकाने गायल्या. "आई, लाल," तू म्हणालास. पुन्हा गायल्या. "पुन्हा लाल. बघा रे, असं गायचं नसतं." पोरं हसली. आईही हसल्या, पिठाचे हात पदराला पुसत.

त्यानंतरचं तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलंच नाहीस. अडुसष्ट वर्षांची ती बाई दुपारी तू नसताना ट्यूनर तळहातावर धरून ओट्यापाशी उभी राहायची. महिनाभर. एक दिवस हिरवा लागला. मला हाक मारली, दाखवला, आणि म्हणाल्या, "लागला गो हिरवा. पण गाणं मेलं." समोरच्या दशरथभाऊंकडच्या हळदीला बोलावणं आलं तेव्हा घसा बसलाय म्हणाल्या. तो घसा पुढे बसलेलाच राहिला.

मग तू बंगलोरला गेलास, मोठं काम मिळालं, आपले घटस्फोटाचे कागद झाले. तुझी आई मात्र माझ्याकडेच राहिली. 'माझ्याबरोबर चल' म्हणायला तू विसरलास आणि मी त्यांना कुठे पाठवणार होते? मी तर त्यांना आईच म्हणत होते. शेवटच्या चार महिन्यांत त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा एका सकाळी आपणहून म्हणाल्या, शिक. माझी हनुवटी धरून गंधार शिकवला. जरा वर गेलं की हनुवटी खाली ओढायच्या, खाली गेलं की वर ढकलायच्या. दिवा नव्हता, हात होता. बरोबर लागला की हात सुटायचा. शेवटी शेवटी बोट उचलायचं बळ नव्हतं, तरी हनुवटीवर ते बोट असायचंच.

त्या गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी आलास. दहाव्याला सगळे गेल्यावर मोबाईल काढलास आणि विचारलंस, आईचं एखादं रेकॉर्डिंग आहे का? नव्हतं. जी दोन होती, ती तूच "बेसूर आहेत, जागा अडवतात" म्हणून उडवली होतीस. मग तू म्हणालास, तुला येतं ना, तू गा. मी गायला तयारही होते. डोळे मिटले आणि उघडले, तर तू फळीवरून तोच ट्यूनर काढून माझ्यासमोर ठेवला होतास, आईंच्या फोटोला टेकवून. मी पहिली ओळ गायले. लाल लागला. आणि तू लहान मुलासारखा टाळी वाजवून म्हणालास, "हाच! हाच लाल!" त्या कशा गेल्या, शेवटी काही बोलल्या का, हे तू त्या दिवशीही विचारलं नाहीस. फक्त पुन्हा गा म्हणालास, म्हणून मी आणखी चार वेळा गायले, आणि तू तेवढंच रेकॉर्ड केलंस.

गेल्या आठवड्यात दशरथभाऊंच्या ममताची हळद झाली. मी गायले. मोबाईल बाजूला ठेवायला लावले आधी. आईंच्या गावच्या सुलूमावशी पाटावर बसल्या होत्या, त्या उठून माझ्यापाशी आल्या. "सरोजा आली गो," म्हणाल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून हळूच विचारलं, "ईश्वरचा मोबाईलवर ऐकला मी. त्याच्या गिटारीत हा सूर न्हाय. असा कसा?"

तर असं आहे, ईश्वर. तुझ्या टाळीच्या आधीची ती एक ओळ आईंची होती आणि तेव्हा तुझं रेकॉर्डिंग चालू नव्हतं. नंतरच्या चार वेळा मी गंधार मुद्दाम हलवला. चारही वेळा सारखाच, तुला संशय येऊ नये इतका जपून. तुझा ट्यूनर लाल तर लालच दाखवतो, कुठला लाल ते त्याला कळत नाही, आणि तुलाही कळलं नाही. जो सूर तू लाकडात कोरून घेतलास, ज्याला आईचं नाव दिलंस, तो माझा राग आहे. जाताना आई एवढंच म्हणाल्या होत्या, "ईश्वर आला तर त्येला दे." मी तो सूर दिला नाही. त्यांची मी गुन्हेगार आहे, तुझी नाही. हे सगळं तुला कधीच कळू दिलं नसतं, पण तू मला स्टेजवर बोलावलंस, आणि तू वाजवत असताना ही गोष्ट मला एकटीलाच ठाऊक असण्यापेक्षा तुलाही ठाऊक असावी असं वाटलं. मी गाणार नाही, पण येईन. पहिल्या रांगेत बसेन. तू 'सरोजा' वाजवशील तेव्हा माझ्याकडे बघशीलच. खरा सूर तुझ्या त्या फ्रेटच्या वर आहे की खाली, ते मी सांगणार नाही. ट्यूनर सोबत पाठवतेय. तळहातावर धर आणि शोध.

कधीकाळची तुझी, अजूनही आईंची,
सुचेता