टाच वर होती

रोहा, मंगळवार, संध्याकाळ

कंबरेसाठी सुनेने लावून दिलेला हालचालींचा वर्ग. शिकवणाऱ्या बाईंनी आज डोळे मिटून उभं केलं. वजन हळूहळू डाव्या पायावर घ्या, जमिनीला काय टेकतंय ते सांगा, म्हणाल्या. मला काहीच कळेना. शेजारच्या मास्तरीणबाई "टाच" म्हणाल्या, मीही ठोकून दिलं, "टाच". तीस वर्षं नुसत्या आवाजावरून मोटारींचं दुखणं ओळखतोय, कान कामाला येतात.

"काका, तुमची टाच तर वर हाय," शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसलो. पण टाच वर होती आणि मला पत्ता नव्हता. कधीपासून?

घरी खुर्चीत बसून डोळे मिटले. हिला म्हटलं, "डाव्या पायाचं एकेक बोट दाब गो, मी ओळखतो."

बराच वेळ गेला. "दाब की आता."

"अवो, कधीची दाबतेय."

बघतो तर अंगठा तिच्या चिमटीत. मग कबूल केलं, साखरेची तपासणी दोन वर्षं टाळतोय. उद्या दुकान बंद, पेणला डॉक्टरकडे जायचं.

"आणि उजवा?" हिने विचारलं.

तो पुढे करायची हिंमत झाली नाय.