आयव्हीबाईंच्या फळ्या

वॅटल क्रीक, ५ ऑगस्ट १९८४

ती. थेल्माताईस, दुखऱ्या गुडघ्यांसह साष्टांग नमस्कार.

ईस्टरपासून पत्र नाही, माफ कर. दरवेळी नेटबॉलच्या मैदानाचंच रडगाणं लिहावं लागलं असतं. आता आनंदाची बातमी आहे, म्हणून रडगाणं जरा मोठं आहे.

फुटबॉल क्लबच्या पुरुषांनी आम्हा बायकांना अखेर डांबरी मैदान करून दिलं. कपडे अजून मोटारीतच, टॉवेल धरून बदलतो. एकदम सगळं दिलं तर आम्ही बिघडू. काल अध्यक्ष मरे लॉकेटने पडदा ओढला, तर दोन्ही खांबांवर, चेंडू टाकायच्या कड्यांच्या मागे, पांढऱ्याशुभ्र फळ्या! म्हणाला, आता नेम चुकला तरी चेंडू आपटून आत जाईल, पोरींनो, मजा करा.

नेटबॉलला फळी नसते, हे त्याला कळणार कसं? जन्मभर आमच्याकडे पाठ करून कुंपणाशी बिअर पीत उभा राहिलाय. पंचांनी बजावलंय, फळ्या राहिल्या तर अठरा तारखेचा उपान्त्य सामना पोर्ट डेव्हरेलला हलेल. आपल्या गावाला पहिल्यांदाच मिळालेला सामना! मरे म्हणतो, फळ्या काढायचं वार्षिक सभेत बघू.

पण फळ्यांवर त्याच्या आईचं नाव रंगवलंय. तुमच्या संघातल्या आयव्हीबाई. गेलेल्या बाईचं नाव उतरवायला हात धजत नाही. हा माझा चांगुलपणा, की नुसता भित्रेपणा?

तुझी,
नोला

ॲडलेड, १० ऑगस्ट

चि. नोलास आशीर्वाद, गुडघ्यांना वेगळे.

चांगुलपणा की भित्रेपणा, असले प्रश्न पडतात, कॉलेजात शिकलीस त्याचा हा परिणाम. आमच्या वेळी या खेळाला बायकांचं बास्केटबॉल म्हणायचे, पण फळी तेव्हाही नव्हती. पुरुषांच्या बास्केटबॉलमधल्या फळीला आयव्हीबाई कुबडी म्हणायच्या. चेंडू कड्याला न शिवता पडला, तरच हसायच्या. मरेला सांग, आईचं नाव कुबडीवर लिहिलंस.

नाहीच ऐकलं तर क्लबचं कॅन्टीन तुम्ही बायकाच चालवता, ते बंद ठेवा. तुमच्या गरमागरम, खिमा भरलेल्या मीट-पाईशिवाय फुटबॉल खेळता येतो का, तेही कळू दे.

तुझीच,
ताई

वॅटल क्रीक, १७ ऑगस्ट

ती. थेल्माताईस नमस्कार. साष्टांग उद्या, सामना झाल्यावर.

मंगळवारी सरावानंतर कॅन्टीनला कुलूप घातलं. मरे धापा टाकत आला, पाई का नाहीत, कुणी मेलंबिलं का? मी कुबडीचं सांगितलं. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, आई खेळताना मी कधी पाहिलंच नाही. इतके टोमणे घोटून ठेवले होते, ताई, एकही काढता आला नाही.

आज सकाळी त्यानेच फळ्या उतरवल्या आणि त्यांचं बाक केलं, आमच्या मैदानाकडे तोंड करून. आयव्हीबाईंचं नाव पाठीला. उद्या तिथे बसून अख्खा सामना बघणार म्हणाला. मी विचारलं, आम्ही सगळ्या खेळत असताना पाई कोण गरम करणार? जरा विचार करून म्हणाला, मीच करतो, सामन्याआधी. आणि मग अगदी हळू आवाजात, ओव्हन कुठे असतो?

लोभ आहेच, तो हरलो तरी असू दे.

तुझी,
नोला

उद्या: मरेला ओव्हन दाखवणे.