आई अलिबागला गेली नव्हती

आई, तुझ्यावर कथा लिहिली, यंदा एका दिवाळी अंकात छापूनही आली, आणि तेव्हापासून तुझ्या फोटोकडे मला नीट बघवत नाही. कथेतली बाई पनवेलच्या घरात चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापते, तुझ्यासारख्याच, पातळ आणि मोठ्या. पुढच्याच वाक्यात ती स्टँडवर असते. अलिबागच्या एसटीत तिला खिडकी मिळते, बाहेर मिठागरं मागे पडत जातात, आणि दुपारी ती एकटी समुद्रावर बसून बर्फाचा गोळा खाते. हे सगळं तिच्या मनात चाललंय, ती चुलीपुढून हललेलीही नाही. मला ते ठाऊक होतं. वाचणाऱ्याला कळावं असं मात्र मी काही ठेवलं नाही.

पहिल्या खर्ड्यात होतं, खरं तर. जाताना ‘तिला वाटलं’ होतं, आणि शेवटी करपल्याचा वास येऊन ती भानावर येत होती. दोन्ही मी खोडलं. निबंधाच्या शेवटी ‘आणि मला जाग आली’ असं दिसलं की शाळेतल्या सिस्टर ते वर्गापुढे मोठ्यानं वाचायच्या आणि मुली हसायच्या. ते हसू या वयातही माझ्या कानात आहे. उघड सांगणं मला बाळबोध वाटलं.

फराळ घेऊन सुकापूरला गेले. मावशीला वाचता येत नाही. तिच्या सुनेनं कथा तिला वाचून दाखवली होती. मावशीनं डबा हातात घेतला नाही.

"कोनाबरोबर गेली व्हती गो ती?"

"कोण, मावशी?"

"माजी बहीन. आमाला कदी बोलली नाय."

सून म्हणाली, "आई, कथा आहे ती. ताईंनी मनानं लिहिलंय."

"चूल तिची, भाकऱ्या तिच्या, मंग पाय दुसरीचं कसं?"

निघताना सून दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "रोज विचारतात हो, कोण असेल म्हणून." तू बाजारात जातानासुद्धा शेजारी सांगून जायचीस. तुझ्या सख्ख्या बहिणीपुढे मी तुला, पोरींना टाकून कुणाबरोबर तरी गेलेली बाई करून ठेवलं, आणि तेही वाक्य चांगलं दिसावं म्हणून. रिक्षात बसल्यावर तोंडावर पदर घेतला. रिक्षावाल्यानं विचारलं, धूळ लागते का. हो म्हटलं.

आता पुस्तकासाठी तो प्रसंग पुन्हा लिहिलाय. लिहिण्याआधी डोळे मिटून तुला बघत बसले. मी युनिफॉर्ममध्ये, वेणीची रिबन दातांत धरून उभी आहे. तुझ्या तळव्यावर भाकरी आहे आणि हात थांबलेत. तू भिंतीकडे बघतेयस, भिंतीवर काहीच नाही. तव्यातून धूर निघतो. मी ओरडते, "आई, तवा!" तू दचकतेस, जराशी हसतेस, भाकरी तव्यावर टाकून तिच्यावर पाणी फिरवतेस. तेवढंच लिहायचं होतं. बाई एसटीत बसली तरी तिच्या बोटांना पीठ चिकटलेलं राहू द्यायचं, समुद्रावरसुद्धा तिला तव्याची धग लागू द्यायची. मग ती घरातच आहे हे कुणालाही कळलं असतं, आणि तिचं जाणंही तिच्याकडे राहिलं असतं.

काल मावशीला ते वाचून दाखवलं. ऐकून ती बराच वेळ मांडीवरचा पदर सारखा करत राहिली.

"मंग ती गेलीच नाय?"

"नाही, मावशी. नुसतं मनात."

"मना वाटलंच," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पन गेली असती तं गोला तरी खाल्ला असता गो."

तिचं समाधान झालं, माझं नाही. हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत, म्हणून इथे लिहिते. तू भिंतीकडे बघत कुठे जायचीस, हे मी कधी विचारलंच नाही. शाळेला उशीर होत असायचा. ती खिडकी, तो समुद्र, ते एकटं बसणं माझं आहे. लग्न झाल्यापासून माझ्या ओट्यापाशी उभी राहून मी तिथे कितीदा गेलेय. ते स्वतःच्या नावावर लिहायचा धीर झाला नाही, म्हणून तुला पाठवलं.