दोन नंबरच्या खोलीतल्या पाहुण्या

ती. आईस,
आधी नमस्कार, मग भांडण.

मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलात ड्यूटीवर ऊब असते, जेवणही वेळेवर मिळतं. तुझा खोकला कसा आहे? ‘किरकोळ आहे’ असं लिहू नकोस, फोनवर मी ऐकलाय.

पणजोबांनी बांधलेलं घर पडू नये म्हणून आपण प्रवासी ठेवायला लागलो, ते मला पटलं होतं. पण मागच्या खेपेला मी आले, तर तू माझ्याच दारावर टकटक करून आत आलीस, हातात घडी घातलेले दोन टॉवेल. मला हसू आलं. मग तुझं अंथरूण शोधायला गेले, तर ते इस्त्रीच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला लागून. तुझी आणि बाबांची खोली आता दोन नंबर झाली. ‘त्या खिडकीतून लोकांना नदी दिसते गं,’ म्हणालीस. आणि तुला दिसायला नको?

एक तारखेपासून पंधरा दिवस दोन नंबरला एक शिक्षिका येणार आहेत ना? त्या येणार नाहीत. ते बुकिंग मैत्रिणीच्या नावाने मीच केलंय. पोटच्या पोरीला असले उद्योग करावे लागतात, आई.

तू सवयीने चादरी बदलशील, पाण्याचा जग भरशील, वाट बघशील. मग त्या पलंगावर तूच झोप.

आणि आत जाताना दारावर टकटक करू नकोस. खोली तुझी आहे.

तुझी धाकटी