नऊ मिनिटांची खोली

सोमवार, ९ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. बॅग माझ्या हातातून सोडवून घ्यायला तिथल्या हमालाला चक्क झटापट करावी लागली. "द्या ना मॅडम." "नको, हलकी आहे." शेवटी हेच म्हणाले, "अगं, दे त्याला. लेकीने पैसे भरलेत ते तुला ओझी उचलायला नव्हे." दिली मग.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीची ही भेट. अकराच कॉटेज, प्रत्येकाला स्वतःचा व्हरांडा, समोर समुद्र. आमची सात नंबर. आत शिरल्याबरोबर ह्यांनी समुद्र बघितला आणि मी पलंगाखाली बघितलं. धूळ नाही. नळाच्या मागे बोट फिरवलं – तिथेही नाही. खोली कोण करतं कोण जाणे, पण तिला काम येतं.

एकतीस वर्षं हॉटेलच्या खोल्या आवरल्या मी, त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. पण हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून झोपणार ते आज पहिल्यांदा. चादर चुरगळेल म्हणून मघापासून खुर्चीवरच बसलेय. हे कधीचे घोरताहेत.

मंगळवार, १०

साडेपाचला जाग. माझ्या अंगाखालची चादर दुसऱ्या बाईने उचलायची, हे काही मनाला पटेना. ह्यांना उठवून फिरायला पिटाळलं. मग पलंग केला, कोपरे पाकिटासारखे दुमडले, बाथरूम पुसून कोरडं केलं, टॉवेलांच्या घड्या घातल्या. तेव्हा कुठे चहा गोड लागला.

दहाला खोलीवाल्या बाई आल्या. चाळिशी उलटलेली, किडकिडीत, पदर खोचलेला. दारातच थबकल्या. "रात्री इथे झोपलं नाही का कुणी?" सांगितलं सगळं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ताई, मला काही ठेवलंच नाहीत तुम्ही!" वाळू झाडली, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, निघाल्या. आत येताना आणि बाहेर जाताना फोनवर बोट दाबायचं असतं त्यांना. म्हणाल्या, नऊ मिनिटं झाली. एरवी अर्धा तास लागतो.

बरं वाटलं मला. खूपच बरं वाटलं.

बुधवार, ११

आजही तेच केलं. बाई नऊ मिनिटांत मोकळ्या झाल्या. त्यांना आग्रहाने व्हरांड्यात बसवलं. बसल्या त्यासुद्धा खुर्चीच्या टोकाला, कुणी बघेल म्हणून.

सहा महिन्यांच्या बोलीवर लागल्यात. शनिवारी कायम झाल्याचं पत्र मिळायचं आहे. कायम झालं की मागच्या चाळीत खोली मिळते, आणि मग आईला घेऊन येता येईल. आई सध्या भावाकडे. भावजय तोंडावर काही बोलत नाही म्हणे, पण म्हातारी जेवायला बसली की भांडी आपटते. "शनिवार कधी उजाडतोय असं झालंय ताई." मी म्हटलं, तुमचं काम मी पहिल्या दिवशीच पारखलंय, काळजी करू नका. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

गुरुवार, १२

हे तीन तास पाण्यात. बोटांच्या मनुका झाल्या. पलंग आवरून झाल्यावर मी व्हरांड्यात बसून काहीही केलं नाही. जमायला लागलंय.

शुक्रवार, १३

बाई आल्या त्या खाली मान घालून. पलंग तयार बघून हात जोडले – "ताई, आजपासून नका करू."

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. मॅनेजरने फोनमधली मिनिटं काढली. सात नंबरला नऊ मिनिटं, बाकी सगळीकडे अर्धा तास. म्हणजे मनात आणलं तर बाईंना नऊ मिनिटांत जमतं, बाकीच्या ठिकाणी टंगळमंगळ करतात! बाईंनी सांगून पाहिलं, पाहुण्या स्वतःच आवरतात म्हणून. मॅनेजर म्हणाला, "इतके पैसे भरून कोण पलंग आवरतं? निदान थाप तरी नीट मारा." पत्र अडकलं.

तशीच मॅनेजरकडे गेले. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला लोण्यासारखा मऊ. "तुमचं मन मोठं आहे मॅडम, तुम्ही त्यांना पाठीशी घालताय." म्हटलं, एकतीस वर्षं हेच काम केलंय, चला दाखवते. न आवरलेल्या खोलीला अर्धा तास लागतोच. लावा घड्याळ.

दोन नंबरचे पाहुणे सकाळीच गेले होते. खोली म्हणजे उकिरडा. मनाशी ठरवलं होतं, सावकाश करायचं. दर उशीला थांबायचं, कंबर धरायची.

पण एकदा चादर हातात आल्यावर माझे हात ऐकेनात. मॅनेजर दारात उभा आणि माझ्या अंगात वारं शिरलेलं. चादर एका झटक्यात पसरली, कोपरे बसले, आरसा, बेसिन, फरशी – शेवटची घडी घालून वर बघितलं, तर तो हसत होता. "एकोणीस मिनिटं! मॅडम, कमाल आहे! या वयात!" आणि मी मूर्खासारखी खूष झाले. क्षणभरच, पण झाले.

मग तो म्हणाला, "बघा, होतं की."

बाई मागे उभ्या होत्या. बादली उचलून तीन नंबरकडे गेल्या.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला साधं हळू काम करण्याचं सोंगही आणता येत नाही." रागावून नाही म्हणाले, पण मला रडू आलं. बाईंच्या आईची खोली घालवली मी, स्वतःची हौस भागवायला.

शनिवार, १४

रात्रभर विचार केला. सकाळी परत मॅनेजरसमोर. म्हटलं, काल एक खोली केली, ताजीतवानी होते. बाई एक खोली करत नाहीत, दिवसाला अकरा करतात. आज त्यांच्या खोल्या मी करते ओळीने. घड्याळ घेऊन सोबत चला. तो म्हणाला असं चालत नाही, पाहुण्यांना आम्ही कामाला लावत नाही. मी म्हटलं, मग लेक अभिप्राय लिहील तेव्हा काय लिहायचं ते मी सांगेन तिला. आला निमूट.

एक नंबर – बावीस मिनिटं. दोन नंबरला रात्री नवे पाहुणे आले होते, तिथे सव्वीस. आज सोंग वगैरे काही नाही, जीव तोडून करत होते. पण ऊन चढलेलं, पंखे बंद, एका कॉटेजपासून दुसऱ्यापर्यंत वाळूतून बादली ओढायची. तीन नंबरला पोरं राहिलेली, बाथरूमभर वाळू. चौतीस मिनिटं लागली, आणि बाथरूम पुसताना गुडघा असा धरला की भिंतीला टेकून उभी राहिले. हे धावत आले. बाई पाणी घेऊन आल्या.

मॅनेजर म्हणाला, "पुरे आता मॅडम, प्लीज."

"पुरे कसं? अजून आठ आहेत. चार नंबर तुम्ही करा."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी खुर्ची ओढून बसले. केली त्याने! रजईला अभ्रा घालताना स्वतःच आत शिरला, बाहेर पडायची वाट सापडेना. हे खो खो हसत होते, बाई तोंडाला पदर लावून उभ्या. शेवटी बाईंनीच दोन टोकं धरून त्याला सोडवलं. बावन्न मिनिटं. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

मग बाईंना म्हणाला, "रोज अकरा करता?" त्या म्हणाल्या, "कधी बाराही. कुणी दुपारी परत बोलावतं."

संध्याकाळी बाई पत्र घेऊन आल्या. मला वाचून दाखवायला लावलं, दोनदा. मग म्हणाल्या, आता उद्या तरी पलंगाला हात लावू नका.

रविवार, १५

निघालो. चादर तशीच विस्कटून ठेवली. फार जड गेलं. बाई गाडीपर्यंत आल्या आणि बॅग कुणालाही न देता स्वतः उचलून ठेवली. मी हो-नाही काही केलं नाही.

बुधवार, १८

घरी येऊन तीन दिवस झाले, गुडघा शेकत पडून आहे. आज दुपारी एकदम आठवलं. आठवलं कसलं, विसरले कधी होते?

आमच्या हॉटेलात एका खोलीला वीस मिनिटं हा नियम होता. तो ठरला तो माझ्यावरून. मी तेव्हा तिशीत होते. सकाळची पहिली खोली, साहेब घड्याळ घेऊन दारात. टाळ्या वाजवल्या होत्या सगळ्यांनी. पुढे सुपरवायझर झाल्यावर ज्यांना वीस मिनिटांत जमत नव्हतं अशा दोघींची नावं मी स्वतः लिहून वर पाठवली. कामचोर असा शेरा मारून. दोघी गेल्या.

एकीचं नाव आता आठवतही नाही. दुसरीचं घर माहीत आहे. उद्या जाणार आहे. हे म्हणाले, गुडघा बरा होऊ दे. मी म्हटलं, नको.