अंगणाची ओळ

दादा, "पोरी, आंगण बी त्यात हाय का गं?" असं पौडच्या आपल्या ओसरीवर त्या म्हातारीने मला विचारलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला जाऊनही पंचवीस झाली. तरी दुपारी जरा डोळा लागला की ती विचारते, आणि मी तेच उत्तर देते.

मुळशीचं धरण व्हायचं होतं, खालची गावं पाण्यात जाणार होती. आठवडाभर तुम्ही पुण्याच्या कोर्टात वाटण्या, बांधाची भांडणं, मारामाऱ्या, येईल ते काम करायचात. रविवारची ओसरी मात्र गावांची. जमिनीच्या संमतीचे कागद घेऊन माणसं यायची. फी नाही, आणि नियम एकच: कागद शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. "घाई आपली आणि घर त्यांचं, असं नको," तुम्ही म्हणायचात.

त्या रविवारी ओसरी भरली होती. कुणीतरी तुम्हाला बाहेर बोलावलं. उठताना तुम्ही म्हणालात, "हिचा तू वाच. मोडी येते ना?" मी बारा वर्षांची, सगळ्यांसमोर. हो म्हटलं. म्हातारी शेळ्या सोडून आलेली, पदराला पाल्याचा वास. शेत बुडणारच होतं, ते द्यायला ती तयार होती. घर वर चढावर होतं, ते तिला ठेवायचं होतं. अंगणात तिची दोन तान्ही लेकरं पुरलेली होती. मी वाचत गेले. शेवटची ओळ कारकुनाने कागदाच्या कडेला कोंबलेली, ती मला लागेना. "वाच की, वकिलाची लेक ना तू?" मागून कुणीतरी टोचलं. "झालं वाचून," मी म्हणाले. तेव्हा तिने अंगणाचं विचारलं. मी म्हणाले, "नाही." "मग घे, बाई," म्हणत तिने अंगठा पुढे केला. शाई मीच लावली.

घर पाडायला माणसं आली, तेव्हा ती ओळ तुम्ही वाचलीत: घर आणि अंगणही दिलं होतं. मला विचारलंत, "शेवटपर्यंत वाचलं होतंस ना?" मी हो म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग मला घेऊन तिच्याकडे चालत गेलात आणि गावादेखत हात जोडलेत. "मावशी, चूक माझी."

"तुमी कशाला, सायेब? पोरीनं वाचलं व्हतं."

"पोरीला बसवलं मीच ना?"

मग अर्जांवर अर्ज. गाववाल्यांबरोबर खोदकामापुढे बसलात, तुरुंगात गेलात, खोकला घेऊन आलात. "सोडा आता," आई म्हणायची. "वकीलपत्र घेतलंय, सोडत नसतो," तुमचं उत्तर. तरी अंगणावरून धरणाच्या कामाचा रस्ता गेलाच. तुमच्या उशाशी बसून कितीदा तोंड उघडलं, आणि पाणी देऊ का, एवढंच विचारलं.

पौडला अजून म्हणतात, "वकील देवमाणूस, पन त्या म्हातारीचं आंगण त्यांच्यापायी गेलं." मी तिथेच असते, दादा. गप्प बसते. मला ती ओळ वाचता आली नव्हती. तुम्हाला ते त्याच दिवशी कळलं होतं, असं आता वाटतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घेतलेलं वकीलपत्र तुम्ही कधी सोडलं नाहीत, ठाऊक आहे. "चूक माझी" म्हणून माझंही घेतलंत, तेवढं सोडा.