भेटीस येणे इष्ट

कात्रज, पुणे
१२ नोव्हेंबर १९९७

प्रिय शालू,

माझा धाकटा भाऊ हमीद हे पत्र तुझ्या हातात देईल. फोनवर तुझ्या आईचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. वाचून होईपर्यंत त्याला दारातून परत पाठवू नकोस.

कात्रज आता तुला ओळखू येणार नाही. जिथे आपण भुईमुगाच्या शेंगा वेचायचो, तिथे चार मजली इमारत झालीय. तुझी आई, माझी मथुरामावशी, मात्र अजून आमच्या शेजारच्या त्याच खोलीत आहे. माझ्या हातचा चहा पिते आणि साखर कमी म्हणून रोज ऐकवते. ऐकवायची, असं लिहायला हवं.

तुला एकोणसाठ सालचा मार्च आठवत असेल. तुझी सातवीची परीक्षा तोंडावर होती आणि तुझे वडील, संपतकाका, क्षयाने आजारी, घाटापलीकडच्या दवाखान्यात. तिथून इंग्रजी टाइप केलेलं पत्र आलं. आळीत इंग्रजी वाचणारी मी एकटी, मॅट्रिकला बसणारी. मावशी पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "नीट वाच, पोरी. काय म्हनत्यात?"

ते वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. इट इज डीम्ड एक्स्पीडिएंट दॅट द फॅमिली शुड व्हिजिट द पेशंट. कुटुंबाने भेटीला यावं, इतकं कळलं. मधला 'एक्स्पीडिएंट' अडला. शाळेत बक्षीस मिळालेला छोटा शब्दकोश काढला. त्यात पहिला अर्थ होता 'सोयीचे' आणि त्यापुढे 'हितकर, इष्ट'. मी पहिल्यावरच थांबले. मावशीला सांगितलं, सोयीनं भेटायला या म्हणतात. तिनं विचारलं, "घाई न्हाई ना?" नाही, म्हणाले मी. मला नक्की ठाऊक नव्हतं, शालू. पण आळीसमोर मला येत नाही असं म्हणायची लाज वाटली.

मावशीचा चेहरा उजळला. शालूची परीक्षा झाली की तिला घेऊनच जाईन, म्हणाली. काकांसाठी लाडू करायला घेतले. सहाव्या दिवशी तार आली. तुझा गणिताचा पेपर त्याच सकाळी होता.

महिन्याभराने मी ते पत्र आमच्या हेडमास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "दवाखाना जेव्हा 'येणे इष्ट' असं लिहितो, तेव्हा त्याचा अर्थ ताबडतोब या असा असतो. घाबरवायचं नसतं, म्हणून असं लिहितात." मी तिथून थेट मावशीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिनं जळतं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "शालूला सांगू नगं. तुमी दोघी एकमेकींना हाय. मी आई हाय तिची, माझ्यावर किती दिस रागवंल?"

अडतीस वर्षं, शालू. आईनं परीक्षेपायी बापाचं तोंड बघू दिलं नाही, असं तू तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस. मी तुझ्या हाताला मेंदी लावत होते. मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहुण्यांची पानं मांडायला उठून गेली. तू सोलापूरला गेलीस आणि मग येणं कमी होत होत थांबलं. दर दिवाळीला तुझा फोन मला यायचा, तिला नाही. मी तिला सांगायचे, शालूनं तुला विचारलंय. तिला खोटं कळायचं. तरी ती प्रत्येक वेळी विचारायची, आणखी काय म्हणाली?

परवापासून मावशीनं पाणीही घेतलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. तिनं मला लिहायला सांगितलेलं नाही. शुद्धीवर असती तर हे पत्र फाडलंच असतं. तिला दिलेला शब्द मी आज माझ्या मनाने मोडते आहे. हमीदजवळ दुपारच्या परतीच्या गाडीची दोन तिकिटं आहेत. कपडे भरत बसू नकोस, माझे घालशील. रागवायचं ते माझ्यावर रागव, पण गाडीत बसल्यावर.

तुझीच,
अख्तर